पाकशाळेची विद्या आणि वऱ्हाडातील तरुण

लग्नसराईच्या दिवसांत मूर्तिजापूर तालुक्यातील कोणत्याही मोठ्या गावी गेले, तर मांडवाच्या मागच्या अंगाला पेटलेल्या चुलांगणावर वरण-भाताचे गंज चढलेले, एका बाजूस परातींतून वांगी चिरली जात असलेली, दुसऱ्या बाजूस बुंदीच्या कढईवर झाऱ्याचा ठोका अखंड चाललेला, आणि या साऱ्या सरंजामाच्या मध्यभागी, हातात कागदाचा कपटाही न घेता, हजार पानांचा हिशेब मनात बाळगून दहापाच इसमांकडून काम करवून घेणारा आचारी उभा असलेला, असे दृश्य हमखास दृष्टीस पडते. शिधा किती लागेल असे त्याला विचारावे. तांदूळ, तुरीची डाळ, तेल, गूळ, तिखट यांची यादी तो उभ्या उभ्या सांगतो आणि ती सहसा चुकत नाही. इतके असूनही त्याच्याजवळ कसलाही दाखला नसतो, त्याच्या ज्ञानाची नोंद कोणत्याही दप्तरात नसते, आणि त्याचा मुलगा दहावी पास झाला की निदान याने तरी हा धंदा धरू नये, अशीच त्या घराची मनीषा असते. ज्या विद्येवर यजमानाची अब्रू अवलंबून राहते तिला शिक्षण म्हणून मान्यता द्यावयास आपला समाज अजून मनापासून राजी नाही, ही गोष्ट मला दीर्घकाळ खटकत आली आहे. म्हणून पाककलेचे रीतसर शिक्षण म्हणजे काय, वऱ्हाडातील मुलामुलींना ते कोणत्या वाटांनी मिळू शकते, त्यातून उपजीविकेची कोणती द्वारे उघडतात, आणि ते तालुक्याच्या गावी मिळणे का अगत्याचे आहे, याचा काहीसा विस्ताराने विचार येथे करावयाचा आहे.

पाकविद्येकडे पाहण्याची ही उदासीनता आपल्या परंपरेतून आलेली नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. बाराव्या शतकात चालुक्य नृपती सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नभोगाला स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ लिहिताना धान्ये, भाज्या आणि पक्वान्ने यांच्या गुणदोषांची शास्त्राच्या शिस्तीने चर्चा केली. आणि मराठी राज्याच्या कारभारात मुदपाकखाना व आबदारखाना हे नेमलेल्या माणसांचे व हिशेबाने चालणारे कारखाने होते. छापील मराठीत पाहू गेले तर रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कमलाबाई ओगले यांचे १९७० मधील ‘रुचिरा’ तर कित्येक नववधूंच्या सामानात आपोआप जाऊन बसले. परंतु ही सारी पुस्तके घरच्या चुलीसाठी होती. शंभर-दोनशे माणसांचा स्वयंपाक रोज, ठरल्या वेळी, ठरल्या खर्चात आणि निर्धोकपणे करणाऱ्या व्यावसायिकाचे शिक्षण ही निराळी बाब असून तिचा आरंभ आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर झाला.

त्या आरंभाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५० च्या आगेमागे देशात धान्याची तीव्र टंचाई होती, आणि तांदूळ-गव्हावरचा भार हलका व्हावा म्हणून इतर अन्नपदार्थांचा प्रसार करण्याची मोहीम लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या एका अखिल भारतीय अन्नपरिषदेने हाती घेतली. शहरांतून ‘अन्नपूर्णा’ नावाची स्वस्त उपाहारगृहे उघडली गेली. उपाहारगृहे उघडल्यावर ती चालविणारी शिकलेली माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न ओघानेच उभा राहिला, आणि त्यातून १९५४ मध्ये मुंबईस अंधेरी येथे खाद्यव्यवस्था व उपयोजित पोषण शिकविणारी देशातील पहिली संस्था निघाली. तीच पुढे दादरला गेली, आणि आज तिच्या कुळातील संस्था देशभर आहेत. १९८२ पासून त्यांचा अभ्यासक्रम व परीक्षा यांचे नियमन एका राष्ट्रीय परिषदेकडे आहे. आलिशान हॉटेलांच्या झगमगाटाशी जिचे नाव आज जोडले जाते त्या शिक्षणाचा उगम भुकेच्या प्रश्नात आणि स्त्रियांच्या सार्वजनिक कार्यात आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीच काय, शिक्षकांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मात्र मुंबईची संस्था मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याच्या मुलीला जवळची नव्हे. मूर्तिजापूर हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे जंक्शन आहे; यवतमाळ व अचलपूर या दोन्ही दिशांनी कापूस घेऊन येणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडीही येथेच येऊन मिळत असे. तेव्हा जाण्याची सोय पूर्वीपासून आहे; अडचण आहे ती तेथे राहण्याच्या खर्चाची आणि घरच्यांच्या धास्तीची. याच अडचणीवर अमेरिकेने शतकापूर्वी एक तोड काढली. १९०१ मध्ये इलिनॉय संस्थानातील जोलिएट येथे तिकडचे पहिले सार्वजनिक लोकमहाविद्यालय सुरू झाले, ज्याला आपण कम्युनिटी कॉलेज म्हणून ओळखतो: दोन वर्षांची मुदत, अल्प शुल्क, घरी राहून शिकण्याची सोय, आणि परिसरातील उद्योगांना लागणारे विषय. अशा महाविद्यालयांनी पाककला हा विषय कमीपणाचा मानला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात हॉटेल व उपाहारगृह यांचे शिक्षण १९३६ पासून आहे, आणि खुद्द जोलिएटमध्येही आज पाककलेचा नावाजलेला विभाग आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना हाताला काम मिळावे म्हणून १९४६ मध्ये न्यू हेवन येथे निघालेली पाकशाळा तर पुढे ‘कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’ या नावाने जगप्रसिद्ध झाली.

आपल्याकडे ही कल्पना १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणि पाठोपाठ मद्रासमध्ये काहींनी उचलली. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने चालू महाविद्यालयांतच असे अभ्यासक्रम उघडण्याची योजना आणली आणि तिच्या जोडीला ‘बी. व्होक.’ ही पदवी आली, जिच्यात प्रत्यक्ष कौशल्याला साठ टक्के आणि सामान्य शिक्षणाला चाळीस टक्के वाटा असतो. या पदवीची खुबी अशी की एक वर्षानंतर थांबणाऱ्यास पदविका, दोन वर्षांनी उच्च पदविका आणि तीन वर्षांनी पदवी मिळते. ज्या घरी पावसाच्या लहरीवर मुलांचे शिक्षण हेलकावे खाते त्या घरासाठी ही सोय किती मोलाची आहे, हे वऱ्हाडात वेगळे सांगावयास नको.

आता शिकवितात ते काय? पुष्कळांची समजूत अशी की पाककलेच्या वर्गात निरनिराळे पदार्थ करून दाखवितात आणि मुले ते टिपून घेतात. वस्तुतः पहिले कित्येक दिवस पदार्थाचे नावही निघत नाही. हात धुणे, नखे, केस, वस्त्रे. कच्च्या मांसाची पाटी लाल आणि भाजीची हिरवी, अशी चिरण्याच्या पाट्यांची रंगांनी केलेली विभागणी. कोठीतला आधी आलेला माल आधी वापरावयाचा हा दंडक. आणि अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान फार वेळ राहू द्यावयाचे नाही हा नियम, यांपासून आरंभ होतो. या नियमाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भातामध्ये अशा काही जिवाणूंची बीजे असतात की जी उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजलेला भात गंजात झाकून तासन्‌तास कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि असे विष तयार करतात की जे भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. बासुंदी वा खव्याच्या मिठाईत वाढणारे दुसरे जिवाणू बहुधा करणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून आलेले असतात. लग्नातल्या जेवणातून विषबाधा झाल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात तेव्हा लोक दुधाला, तेलाला, नाहीतर दृष्टीला दोष देतात. पण उरलेला भात उथळ परातीत पसरून लवकर थंड केला असता आणि बोट कापलेल्या माणसाला खव्याला हात लावू दिला नसता, तर यांतील कित्येक अनर्थ टळले असते. आपला थोर अनुभवी आचारीही ही गोष्ट जाणत नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि अनुभवाने शिकावयाची म्हटली तर तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. केवळ या एका प्रकरणासाठी जरी तालुक्याच्या गावी असा वर्ग निघाला, तरी तो मी सार्थकी लागला असे समजेन.

स्वच्छतेचा हा धडा या मुलखात परका नाही. ज्यांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गेले त्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, आणि नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभारताना भुकेलेल्याला अन्न ही सेवेची पहिली पायरी मानली. मुलीच्या बारशाला मद्यमांसाची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले, ही हकीकत वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. पाकशाळेच्या भिंतीवर एखाद्या सत्पुरुषाची तसबीर लावावयाचीच असेल तर ती त्यांची असावी.

स्वच्छतेनंतर सुरी येते. कांदा एकसारखा चिरावयाचा तो शोभेसाठी नव्हे. तुकडे सारखे असले तरच ते एकाच वेळी शिजतात. त्यानंतर उकडणे, वाफवणे, भाजणे, तळणे, मंद आचेवर मुरवणे या क्रियांत उष्णता पदार्थात कशी शिरते ते शिकवितात. मग रस्से, वाटणे, फ्रेंच पद्धतीचे मूळ सॉस, पाव आणि केक. बेकरीत प्रमाण सांगण्याची एक सुंदर रीत आहे: पीठ किती का असेना, ते शंभर मानावयाचे आणि पाणी, मीठ, यीस्ट, साखर हे सारे त्याच्या शेकड्यात सांगावयाचे, म्हणजे दोन किलोचा घाणा असो वा दोनशे किलोचा, कृती तीच राहते. भाजी-आमटीच्या बाबतीत मात्र दहा माणसांची कृती शंभरपट करून हजारांचे जेवण होत नाही. मोठ्या गंजात पाणी त्या मानाने कमी आटते, मसाला अधिक वेळ तापत राहतो, मीठ-तिखट सरळ गुणाकाराने टाकले तर पदार्थ बिघडतो. आपल्या आचाऱ्याचा जो ‘अंदाज’ आहे तो या साऱ्या गणिताचा वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात उतरलेला निष्कर्षच होय, आणि रीतसर शिक्षणाचे काम तो अंदाज खोटा ठरविण्याचे नसून तराजू नि वही यांच्या साहाय्याने तो दुसऱ्याला देता येईल असा करण्याचे आहे. म्हणूनच अशा वर्गांतून गावच्या जुन्या आचाऱ्यांना मानधन देऊन शिकवावयास बोलावावे, असे मला निक्षून वाटते.

शेवटी जमाखर्च. किलोभर वांगी आणली तर भाजून, सोलून भरताला हाती किती राहतात. एका ताटाला माल किती रुपयांचा लागला. इंधन, भाडे, मजुरी धरून त्याची किंमत किती ठेवावी. मालाचा खर्च विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कसा ठेवावा. खानावळी बुडतात त्या चवीने क्वचित, हिशेबाने बहुधा. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यानुसार लहानशा खाद्यव्यवसायालाही नोंदणी आवश्यक आहे, आणि तो अर्ज कसा करावा हेही याच विषयात येते.

हे शिक्षण मिळण्याच्या वाटा आज एकाहून अधिक आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये अन्ननिर्मिती तसेच बेकर व कन्फेक्शनर हे एकेक वर्षाचे व्यवसाय आहेत. ते प्रत्येक ठिकाणी नसतात, म्हणून मूर्तिजापूर, अकोला, अमरावती अशी सर्व जवळची ठिकाणे पाहून घ्यावीत. हा अभ्यासक्रम पुरा केल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या हॉटेलात वा मोठ्या उपाहारगृहात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते, आणि माझ्या मते हीच सर्वांत कमी खर्चाची नि भरवशाची वाट आहे. बारावीनंतर राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांमधील तीन वर्षांच्या पदवीसाठी देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा आहे, तर राज्यातील चार वर्षांच्या हॉटेल व्यवस्थापन पदवीसाठी राज्याची स्वतंत्र परीक्षा आहे. पुण्यात शिवाजीनगरला राज्य शासनाची संस्था आहे. दादरची तर वर आलीच. ज्यांना वर्षभरही सवड नाही अशांसाठी पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये काही आठवड्यांचे विनाशुल्क वर्ग सुरू केले. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून होतात. शुल्क प्रचंड आणि स्वयंपाकघर नावाला, अशाही खासगी संस्था शहरांतून आहेत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन भट्ट्या मोजाव्यात, एका भट्टीमागे किती विद्यार्थी आहेत ते विचारावे, आणि मागील वर्षीची मुले कोठे कामाला लागली त्यांपैकी दोघातिघांशी तरी बोलावे.

उपजीविकेविषयी खरे तेच सांगितले पाहिजे. मोठ्या हॉटेलात प्रवेश होतो तो ‘कॉमी’ या सर्वांत खालच्या पायरीवर. त्यानंतर एका विभागाचा शेफ, मग सू शेफ, आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह शेफ, अशी ही चढण पुष्कळ वर्षांची आहे. पहिला पगार बेताचाच असतो, दहा-बारा तास उभे राहावे लागते, भट्टीची धग अंगावर घ्यावी लागते, आणि दिवाळी-दसऱ्याला, जेव्हा सारे जग घरी असते, तेव्हा कामाची गर्दी सर्वाधिक असते. दूरदर्शनवरील पांढऱ्या टोप्या पाहून जो या धंद्यात येईल तो सहा महिन्यांत घरी परतण्याचा संभव आहे. ज्याला हाताने काम करण्यात आणि दुसऱ्याला जेवू घालण्यात आनंद वाटतो, त्याच्यासाठी मात्र हे क्षेत्र मोठे आहे.

शिवाय हॉटेल हे या क्षेत्राचे एक अंग झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांवर उपाहारगृहाचे बंधन घातले. रुग्णालये, वसतिगृहे, आश्रमशाळा येथे रोज शेकडो पाने वाढली जातात. रेल्वेच्या खानपानासाठी १९९९ मध्ये स्वतंत्र महामंडळ निघाले. आणि जहाजावरच्या स्वयंपाकघरासाठी सहा महिन्यांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे. शेगावला संस्थानाच्या महाप्रसादाचा लाभ घेताना वऱ्हाडातील प्रत्येकाने पाहिले आहे की अफाट गर्दीतही पंगत वेळेवर बसते आणि जागा स्वच्छ राहते. असा कारभार शिकलेल्या माणसांनी इतर ठिकाणीही का चालवू नये?

आणि स्वतःचा धंदा तर आहेच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्थानकावर कचोरी विकावयास आरंभ केला आणि त्या एका पदार्थाने गावाचे नाव दूरवर नेले. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणले आणि सावकाराच्या जागी बँकेचे कर्ज मिळवून दिले, घरातल्या चुलीवरचे श्रम हा व्यवसाय आहे, हे त्या बायांना नि बँकांना दोघांनाही पटवून देण्याचे ते कार्य होते. नागपूरच्या विष्णू मनोहर यांनी २०१७ च्या एप्रिलात सलग बावन्न तासांहून अधिक काळ स्वयंपाक करून विक्रम केला, त्याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी वैदर्भीय पदार्थांना भोजनगृहाच्या ताटात मानाने बसविले. पाटोडीचा रस्सा, रोडगे आणि वांग्याची भाजी, गोळाभात, सांबारवडी, ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी: पुण्या-मुंबईच्या माणसाने वऱ्हाडी जेवण म्हणजे नुसते तिखट असे समजावे, यात दोष त्याचा थोडा आणि हे पदार्थ नीट लिहून, मोजून, मांडून त्याच्यापुढे न ठेवणाऱ्या आपला अधिक आहे.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. आपल्या समाजात घरचा स्वयंपाक बाईचा आणि पैशाचा स्वयंपाक पुरुषाचा, अशी वाटणी झालेली आहे; शिवाय कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, हा विटाळही पुरता गेलेला नाही. शाळेतला पोषण आहार शिजविणारी बाई शेकडो मुलांना रोज जेवू घालते, आणि तिला तुटपुंज्या मानधनावर समाधान मानावे लागते. तिच्या हाती प्रमाणपत्र आले, अन्नसुरक्षेचे ज्ञान आले आणि हिशेब आला, तर तीच उद्या वसतिगृहाची मेस चालवील, लग्नाचा मक्ता घेईल, चार बायांना काम देईल. तालुक्याच्या गावचा वर्ग सर्वांत अधिक कोणाच्या उपयोगी पडणार असेल तर तो या स्त्रियांच्या, कारण त्यांना अकोल्याला वा नागपूरला जाऊन राहणे शक्य नाही.

म्हणून मूर्तिजापूर आणि आसपासच्या शिक्षणसंस्थांच्या चालकांना माझी विनंती आहे की, जेथे असा अभ्यासक्रम नसेल तेथे त्याची तजवीज त्यांनी अवश्य करावी. सहा भट्ट्या, एक ओव्हन, एक शीतकपाट, तराजू आणि शिकविण्याची खरी हौस असलेले दोन शिक्षक एवढ्या भांडवलावर एका वर्षाचा वर्ग सुरू होऊ शकतो, आणि नफ्याकडे न पाहता जवळची वसतिगृहे व रुग्णालये यांच्याशी करार केल्यास मुलांना प्रत्यक्ष कामही मिळते. पालकांना सांगावयाचे ते इतकेच: आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर शासनाच्या केंद्रीय पद्धतीने होतात आणि अर्जाची मुदत थोडी असते. मुलीला वा मुलाला स्वयंपाकाची खरी गोडी असेल तर निकालाची वाट न पाहता आजच आयटीआयच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा, आणि व्यवसायांच्या यादीत अन्ननिर्मिती दिसली तर ती शेवटच्या पसंतीला न लिहिता पहिल्या पसंतीला लिहा.